स्मारकावरची शेवटची ओळ

गुरुवारी सकाळी दादाने आत्याला पुन्हा एकदा विचारलं आणि आत्याने पुन्हा एकदा नाही म्हटलं.

मागच्या खोलीत हॉस्पिटलच्या चादरी मोठ्या मशीनमध्ये घरघरत होत्या. वाफेने काचा धुरकट झाल्या होत्या. आत्या खिडकीखालच्या स्टुलावर बसून कुणाच्या तरी कोटाला बटण लावत होती. पंच्याऐंशी वर्षांची बाई, पण सुईत दोरा अजून स्वतः ओवायची. लाँड्रीत येणाऱ्या प्रत्येक कपड्याचं निसटलेलं बटण ती न सांगता लावून द्यायची, म्हणून सगळं गाव तिला बटणआत्या म्हणायचं. लग्न तिने केलं नाही. आधी भावाच्या घरात राहिली, आणि नऊ वर्षांपूर्वी भाऊ गेल्यावर त्याच घरात, भाच्यांजवळ.

"आत्या, नुसती सही करायची आहे," दादा म्हणाला. "चार वाजता इंजिनियरबाई येणार आहे."

"येऊ दे. चहा दे तिला."

"चहाला येत नाहीये ती."

"मग बिस्किटंही दे."

दादाने कपाळावर हात मारला आणि काउंटरवर जाऊन पावत्या उगाचच सारख्या केल्या. अठ्ठावन्न वर्षांचा, जाडजूड, शांत माणूस. मशीन बिघडलं तरी आवाज न चढवणारा. पण गेल्या आठवड्यात तो तीनदा ओरडला होता, आणि तिन्ही वेळा आत्यावर.

कारण होतं गावाबाहेरचं स्मारक. गावापासून चार किलोमीटरवर रस्ता दोन दिशांना फुटायचा. युद्धाच्या काळात तिथे सैन्याची छावणी होती. दोन हिवाळे तंबूच तंबू. युद्ध संपलं, तंबू उठले, आणि मागे उरला एक लोखंडी खांब आणि त्यावर गंजकी पाटी. इथे छावणी होती आणि इथे एकेचाळीस सैनिक तापाने मेले, एवढंच त्यावर लिहिलेलं. लहानपणी वडील दादाला खांद्यावर बसवून ती पाटी वाचायला लावायचे. मग सांगायचे, "एकेचाळीस नाही रे. आपली माणसं धरली तर शेहेचाळीस."

ती गोष्ट दादाला तोंडपाठ होती. छावणीचे कपडे याच धुलाईघरात यायचे. तेव्हा मशीन नव्हतं. चुलाणावर मोठमोठ्या कढया, सोडा, आणि काठीने ढवळणारी माणसं. छावणीत तापाची साथ आली आणि त्या कपड्यांतून ती धुलाईघरात शिरली. दादाची आजी गेली, वडिलांची मोठी बहीण गेली, चार वर्षांचा धाकटा भाऊ गेला, आणि कामाला येणाऱ्या दोन बायका. "बंदूक हातात न घेता लढाईत मेली आपली माणसं," वडील म्हणायचे. दादाने ही गोष्ट चाळीस वर्षं काउंटरवर येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवली होती. काही गिऱ्हाइकं तर पुढचं वाक्य आपणच म्हणायची.

आता रस्ता रुंद होत होता. गंजका खांब काढून पंधरा पावलं आत दगडी स्मारक बसवलं होतं. दादाने दोन वर्षं अर्ज केले, पत्रं लिहिली, कचेऱ्यांचे जिने चढला. शेवटी रस्ते खात्याची इंजिनियरबाई म्हणाली, दगडावर खाली एका ओळीपुरती जागा आहे, देऊन टाकू. फक्त सैन्याच्या कागदांत धुलाईघरातल्या माणसांचा उल्लेख नाही, तेव्हा कुणीतरी जिवंत साक्षीदार हवा. जिवंत साक्षीदार एकच होता आणि तो खिडकीखाली बसून बटण लावत होता.

"रविवारी उद्घाटन आहे गं," दादा पुन्हा आत आला. "पाथरवट उद्या ओळ कोरणार. बाबांनी आयुष्यभर हेच मागितलं."

"तुझ्या बाबांनी काहीच मागितलं नव्हतं," आत्या म्हणाली, आणि दाताने दोरा तोडला. "तूच मागतोयस."

*

जेवायला धाकटा आला. दादाचा धाकटा भाऊ गावात मोटार शिकवायचा. वीस वर्षं शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून त्याला सवय लागली होती. कुणी मनाविरुद्ध बोलायला लागलं की त्याचा उजवा पाय टेबलाखाली ब्रेक शोधायचा.

वहिनीने, दादाच्या बायकोने, ताटं वाढली. इस्त्रीच्या खोलीतलंच टेबल जेवायला वापरायचे, एका टोकाला घड्या केलेल्या उशांच्या खोळी, दुसऱ्या टोकाला माणसं. वहिनीला दिसत होतं, आज जेवण नीट होणार नाही. नवऱ्याच्या मानेची शीर तटतटली होती.

"सही झाली?" धाकट्याने विचारलं.

"विचार तिलाच."

"आत्या, काय लावलंय हे? कर की सही. दादाचं वेड तेवढ्याने शांत होत असेल तर आपलं काय जातंय?"

"वेड?" दादाने घास खाली ठेवला.

"मग काय? पंच्याहत्तर वर्षं होत आली. कोण मेलं, कशाने मेलं, तिकडून जाणाऱ्या ट्रकवाल्यांना काय पडलंय? पण तुला हवंय ना? मग होऊन जाऊ दे."

"तू कधी एक पत्र लिहिलंस? एकदा तरी माझ्याबरोबर कचेरीत आलास?"

"मी आलो असतो तर भांडण करून आलो असतो."

"अहो, जेवू द्या ना त्यांना," वहिनी म्हणाली. आत्याच्या ताटात तिने पाव मोडून, सूपमध्ये भिजवून ठेवला. "त्यांची इच्छा नसेल तर सोडा विषय. म्हातारं माणूस आहे. नको वाटत असेल त्या दिवसांची आठवण."

ती नेहमीच आत्याच्या बाजूने उभी राहायची. तेवीस वर्षांपूर्वी आत्या पाय घसरून पडली, तेव्हापासून तिची अंघोळ, तिची वेणी, तिच्या पायांना तेल, सगळं वहिनीच करायची. तिला आई फार दिवस लाभली नव्हती. मनात कुठेतरी तिने ती जागा आत्याला दिली होती, कधी बोलून दाखवलं नव्हतं.

"तू तिचीच बाजू घेणार," दादा म्हणाला. "अगं, पण तुझीही आजी आहे त्या ओळीत. ती काय फक्त माझ्या घरासाठी मागतोय मी?"

वहिनीचा हात थांबला. कामाला येणाऱ्या त्या दोन बायकांपैकी एक तिच्या आईची आई होती. ती गेली तेव्हा वहिनीची आई तीन वर्षांची. या दारातून त्या दारात वाढली, कुणाच्या घरी भांडी घासत, कुणाच्या घरी पोरं सांभाळत. आपल्या आईचा चेहरा तिला आठवत नव्हता, फोटो नव्हता, पुरलं कुठे तेही माहीत नव्हतं. मरताना ती म्हणाली होती, माझ्या आईचं या जगात काही म्हणजे काही उरलं नाही.

वहिनीने हात पुसले आणि आत्याच्या शेजारी बसली. "आत्या, मी तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही."

आत्याने तिच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"आज मागते. माझ्या आजीसाठी करा सही. कुठेतरी एका दगडावर तिचा मागमूस राहील. तेवढ्यासाठी."

 आत्या भिजलेल्या पावाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तू मागायला नको होतंस गं."

"का?"

"याला शंभर वेळा नाही म्हणता येतं. तुला कसं म्हणू?" तिने ताट सारलं. "कागद वाचून दाखव."

दादाने खिशातून कागद काढला. त्याचा आवाज घाईघाईचा झाला. "'मी प्रत्यक्ष पाहिले आहे की सदर पाच जण छावणीच्या सेवेत, छावणीचे कपडे धूत असताना ताप लागून मरण पावले.' बस. खाली सही."

"खोटं आहे ते."

"काय खोटं आहे?"

"कपडे धुताना कुणाला ताप लागला नाही. माझा बाप सगळं उकळून काढायचा. तास तास उकळायचा. सोड्याने आमच्या हातांची सालं निघायची. त्या पाण्यात ताप कुठून जगेल?" आत्याचा आवाज साधा होता, हवापाण्याबद्दल बोलावं तसा. "ताप मी आणला."

धाकटा हसला. कुणीच हसलं नाही म्हणून गप्प झाला.

*

"तापाच्या तंबूतली ब्लँकेटं वेगळी यायची," आत्या सांगू लागली. "एका कोपऱ्याला लाल रंग लावलेला असायचा. ती धुवायची नाहीत, हात लावायचा नाही, मागच्या खड्ड्यात जाळायची. खेचराच्या गाडीतून एक शिपाई ती घेऊन यायचा. इस्पितळातलं पडेल ते काम करणारा. सारखा शीळ घालायचा, म्हणून आम्ही त्याला शीळवाला म्हणायचो. बटणाला दोऱ्याची मान ठेवून मग गाठ मारायची, म्हणजे बटण तुटत नाही, हे मला त्याने शिकवलं. याच दारात बसून."

वहिनीची नजर आपोआप खिडकीखालच्या कोटाकडे गेली.

"थंडी अशी होती की हौदावर सकाळी बर्फाचं कातडं धरायचं. आम्हा चौघा भावंडांत दोन पांघरुणं. चार वर्षांच्या आमच्या धाकट्या भावाला खोकला झालेला. कुडकुडायचा, मला चिकटायचा. आणि मागे गाडीभर गरम ब्लँकेटं जळायला चाललेली. मला ते बघवेना. तो खड्ड्यात काड्या रचत होता तेवढ्यात मी एक ओढलं. माळ्यावर नेऊन लाल कोपरा कात्रीने कापला आणि त्या पोराच्या अंगावर घातलं. तुमच्या बापाने बघितलं. पंधरा वर्षांचा होता तो. म्हणाला, कुठनं आणलंस? मी म्हटलं, गप्प बस, आणि आत ये, गरम आहे."

मशीन थांबलं होतं. आत कुणीतरी दार उघडून चादरी काढायला हव्या होत्या. कुणी उठलं नाही.

"दहा दिवसांत आमचा तो धाकटा गेला. मग ताई पडली. मग आई. बाप एकटा काय काय करणार? तेव्हा तुझी आजी आली," आत्या वहिनीला म्हणाली, पण बघत होती टेबलाकडे. "कामाची वेळ संपल्यावर, आपली पोर खाली ओसरीवर बसवून. माझ्या आईला पाणी पाजायला. त्याच ब्लँकेटवर बसून पाजायची. दुसरी बाई तिच्या मदतीला आली. मी सांगायला हवं होतं, आत येऊ नका. माझं तोंडच उघडलं नाही. सांगितलं असतं तर का, ते सांगावं लागलं असतं ना."

वहिनीने आपली खुर्ची आत्यापासून थोडी मागे घेतली.

"आत्या, पुरे," दादा म्हणाला.

"नाही, अजून आहे. तू दोन वर्षं विचारलंस, आता ऐक. छावणीचा अधिकारी घर तपासायला आला. त्याला ते कोपरा कापलेलं ब्लँकेट दिसलं. छावणीचा माल चोरला तर तुरुंग होता. त्याने सगळ्यांना ओसरीवर उभं केलं. शीळवाल्यालाही आणलं. विचारलं, हे इथे कसं आलं? बाप माझ्या बाजूला उभा होता. बायको मेलेली, दोन लेकरं मेलेली, आणि आता त्याला नेणार असं मला वाटलं. मी बोट केलं. म्हटलं, याने दिलं."

"तो काय म्हणाला?" धाकट्याने विचारलं. त्याचा आवाज बदलला होता.

"म्हणाला, मी नाही दिलं. पुन्हा पुन्हा म्हणाला. मग माझ्यासमोर गुडघ्यावर बसला. 'सांग ना गं पोरी, मी दिलं का? सांग ना यांना.' सगळे माझ्याकडे बघत होते. अकरा वर्षांची पोर, परवा आई मेलेली. ती कशाला खोटं बोलेल?" आत्याने ओठ चावले. "मी मान हलवली. हो म्हणून. दुसऱ्यांदा."

छावणीच्या फाटकाशी एक खांब होता. त्या खांबाला त्यांनी शीळवाल्याला बांधलं, कोट काढून घेऊन, त्या थंडीत. दोन दिवस, दोन रात्री. आत्याला धुतलेल्या कपड्यांची गाडी घेऊन बापाबरोबर तिथूनच जावं लागलं. दुसऱ्या दिवशी तो ओरडत नव्हता. चौथ्या दिवशी मेला. शिक्षेत मेला म्हणून त्या एकेचाळिसांत त्याला धरलंच नाही.

"बाबांना माहीत होतं?" दादाने विचारलं. "सगळं?"

"तुझ्या बाबांनीच ती गोष्ट रचली. आपली माणसं छावणीसाठी मेली, ही. मी जेवण टाकलं होतं. तो रोज रात्री मला तेच सांगायचा, तू नाही केलंस, कपड्यांतून आला, कपड्यांतून आला. सांगून सांगून त्यालाच खरं वाटायला लागलं असेल. मला कधी नाही वाटलं. पण तो माझ्यासाठी बोलत होता, म्हणून मी गप्प राहिले. मग तू मोठा झालास आणि गिऱ्हाइकांना सांगायला लागलास."

दादा खुर्चीत मागे रेलला. धाकटाच पहिल्यांदा सावरला. त्याचा पाय जोरजोरात फरशीवर दाबला जात होता.

"हे बघा, हे या खोलीतून बाहेर जाता कामा नये," तो म्हणाला. "आत्या, सही कर आणि विसर. तू पोर होतीस. आता हे उकरून लोकांत आपलीच शोभा. हॉस्पिटलच्या चादरी धुतो आपण. ते काय म्हणतील?"

"तू गप्प बस," दादा म्हणाला. आठवडाभर आत्यावर ओरडणारा दादा उठून तिच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला, जणू कुणी तिला न्यायला येणार होतं. "ती अकरा वर्षांची होती. तिला कुणी एक शब्द बोलायचं नाही."

"मी कुठे बोलतोय? मी तर म्हणतोय..."

"कुणीच नाही."

हे तो धाकट्याला सांगत नव्हता, हे वहिनीला कळलं. ती उठली. आतल्या खोलीत जाऊन मशीनचं दार उघडलं आणि ओल्या चादरी एकेक करून बाहेर ओढू लागली. जड, गरम चादरी. तेवीस वर्षं तिने ज्या पायांना तेल लावलं होतं, ते पाय त्या माळ्यावर चढले होते. आणि खाली तिची तीन वर्षांची आई बसलेली होती, आपली आई बाहेर येण्याची वाट बघत. वहिनीला रडायला आलं नाही. फक्त हात थांबवता येईनात.

*

इंजिनियरबाई बरोबर चारला आली. पंचविशीतली, धुळीने भरलेले बूट, हातात फाइल. आत्याला तिचा चेहरा आवडला. सरळ बघणारी मुलगी होती.

"एकेचाळीसचं बेचाळीस करता येईल का?" आत्याने विचारलं.

बाईने दादाकडे पाहिलं. दादाने थोडक्यात सांगितलं, मध्ये दोनदा अडखळला. ऐकताना बाईने पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.

"आजी, आकडा सैन्याकडून आलाय. तो मी नाही बदलू शकत. शिक्षेत मेलेला माणूस त्यांच्या यादीत नाहीच. चौकशी करायची म्हटली तर वर्षं जातील. आणि कागद असतील असंही नाही."

"त्याने काही केलं नव्हतं, एवढंच लिहा मग. शेवटच्या ओळीत."

"तसं लिहिलं तर सैन्य स्मारकच अडवेल. मी धुलाईघराच्या लोकांपुरतीच परवानगी आणलीय. तेही तुमची सही असेल तर. नाहीतर ती जागा कोरीच जाईल."

"जाऊ दे कोरी."

"जाऊ दे," दादाही म्हणाला. दोन वर्षांचे अर्ज त्याने तेवढ्या दोन शब्दांत सोडून दिले. आत्याने वर पाहिलं. भाच्याचा चेहरा त्याच्या बापासारखा दिसत होता, रात्री उशाशी बसून खोटं सांगणाऱ्या पंधरा वर्षांच्या पोरासारखा.

"कोरी का जाऊ दे?"

वहिनी दारात उभी होती. हात कोपरापर्यंत ओले.

"अगं, तिला ते जमणार नाही," दादा म्हणाला.

"तुम्ही मधे बोलू नका." तिने नवऱ्याला असं कधी म्हटलं नव्हतं. "आत्या, त्या माणसाने काही केलं नव्हतं, कबूल. माझ्या आजीने काय केलं होतं?"

"काही नाही."

"मग तिला का पुसताय? तुमच्या मनाला बरं वाटावं म्हणून? एकदा तुमच्यामुळे मेली. आता दगडावर आली असती, तीही तुमच्यामुळे जाणार?"

"मी खोट्यावर सही करू?"

"खोटं असेल ते खोडा." तिने कागद टेबलावर आपटला. ओल्या बोटांचा ठसा उमटला. "सेवेत मेले नाहीत ना? खोडा. कपडे धुताना नाही ना? खोडा. मेले हे तरी खरं आहे? तापाने, त्या हिवाळ्यात, इथे? तेवढंच लिहा."

इंजिनियरबाई हळूच म्हणाली, "तसं चालेल."

आत्याने पेन घेतलं. वहिनीचा श्वास तिला ऐकू येत होता. कितीदा ती या श्वासाच्या आधाराने उठली होती, बसली होती. तिने एकेक शब्द खोडला. मग सही केली. हात थरथरला नाही, त्याचीच तिला लाज वाटली.

"आता मला माफ कर असं म्हणणार होते," ती म्हणाली. "पण नाही म्हणत."

"नकाच म्हणू," वहिनी म्हणाली, आणि आत निघून गेली.

*

शुक्रवारी पाथरवटाने ओळ कोरली. दादा दिवसभर तिथे उभा होता. समोरच्या टायरच्या दुकानातला कॉम्प्रेसर धडधडत होता, ट्रक धूळ उडवत वळत होते. संध्याकाळी फडक्याने दगड पुसल्यावर अक्षरं पांढरी दिसू लागली. 'आणि त्याच हिवाळ्यात तापाने मेलेल्या धुलाईघरातल्या पाच जणांच्या स्मरणार्थ.' दादाने ती वाचली. ज्यासाठी दोन वर्षं धडपडला ते झालं होतं आणि त्याला घरी जावंसं वाटत नव्हतं.

घरात वहिनी आत्याशी बोलत नव्हती. काम एकही चुकवलं नाही. अंघोळ घातली, वेणी घातली, सूप समोर ठेवलं. फक्त तोंडातून शब्द काढला नाही. शनिवारी दुपारी आत्या म्हणाली, "माझं दुसरं कुणी करेल, तू राहू दे." वहिनीने कंगवा खाली ठेवला नाही. धाकटा दोनदा येऊन गेला, दादाला बाजूला घेऊन बजावून गेला. आत्याला रविवारी बोलायला लावू नका. फुलं ठेवू द्या आणि लगेच गाडीत बसवा. मी बघतो.

रविवारी सकाळी स्मारकासमोर शंभरेक प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. टायरवाल्याने दुकान बंद ठेवलं होतं. सैन्याने एक तरुण कॅप्टन आणि चार बिगुलवाले पाठवले होते. कॅप्टनने एकेचाळीस वीरांबद्दल छान भाषण केलं, मधूनमधून ट्रक जाईपर्यंत थांबला. पहिल्या रांगेत दादा, धाकटा आणि मध्ये आत्या. वहिनी त्यांच्याबरोबर बसली नाही. ती पाचव्या रांगेत, हॉस्पिटलच्या दोन परिचारिकांच्या शेजारी जाऊन बसली होती.

"त्या काळाच्या एकमेव साक्षीदार आज आपल्यात आहेत," इंजिनियरबाई माईकवर म्हणाली. "त्यांच्या हस्ते आपण पुष्पगुच्छ ठेवणार आहोत."

आत्या उठली. धाकट्याने तिला हात दिला, गुच्छ तिच्या हातात ठेवला, दगडापर्यंत नेलं. तिने फुलं ठेवली. खाली वाकून शेवटच्या ओळीवरून बोट फिरवलं. धाकटा तिला गाडीकडे वळवायला लागला, तर ती वळेना.

"आत्या, चल."

"सोड."

"आत्या, लोक बघतायत."

"बघू देत."

ती माईककडे निघाली. तीन-चारच पावलं होती, पण तिला वेळ लागला. धाकटा मागे धावणार तोच दादाने त्याचा दंड धरला. "बस खाली," तो म्हणाला. "दादा, अरे ती..." "बस म्हटलं ना."

आत्या माईकपाशी उभी राहिली. कॅप्टन उंच होता, माईक त्याच्या तोंडाजवळ होता. आत्याच्या कपाळाच्याही वर आला तो. तिने मान वर केली आणि बोलायला सुरुवात केली. ओठ हलताना दिसत होते. पहिल्या रांगेला थोडंफार ऐकू गेलं, कारण कॅप्टनचा चेहरा बदलला आणि त्याने मांडीवरची टोपी घट्ट धरली. मागे कुजबुज सुरू झाली. म्हातारी काय म्हणतेय? आशीर्वाद देतेय वाटतं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, आणखी काहींनी त्यात साथ दिली. आत्या टाळ्यांनी गोंधळून थांबली. मग पुन्हा बोलू लागली, आणखी मोठ्याने, पण आवाज फाटला आणि तेवढ्यात एक लांबलचक ट्रक वळणावरून गेला.

पाचव्या रांगेत खुर्ची सरकली. वहिनी उठून खुर्च्यांच्या मधल्या वाटेने पुढे आली. दादाजवळून गेली, त्याच्याकडे न बघता. धाकट्याला वाटलं, बरं झालं, हिने तरी आवरलं. कॅप्टनही सुटल्यासारखा खुर्चीत मागे टेकला.

वहिनीने माईकच्या दांड्याचा स्क्रू सैल केला. दांडा खाली सरकवला, आत्याच्या तोंडापाशी आणला, स्क्रू पुन्हा पिळून घट्ट केला. बोटाने माईकवर दोनदा टकटक केलं. तो आवाज रस्त्यापलीकडे गेला.

मग तीन दिवसांत पहिल्यांदा ती आत्याशी बोलली.

"पहिल्यापासून सांगा," ती म्हणाली. "मागच्यांना ऐकू आलं नाही."